अल्पवयी अपराध्याची कबुली आणि त्याची शिक्षा

समजा कीं, एका गांवांत रात्रीं भांडण होऊन एक माणूस मारला गेला. दुसरे दिवशीं पहांटे सतरा वर्षांचा एक मुलगा उपदेशकाच्या ओट्यावर येऊन बसतो. बराच वेळ त्याच्यानें बोलवत नाहीं. शेवटीं तो म्हणतो, "मास्तर, तें माझ्याच हातून झालें." थोड्या वेळानें त्याची आई येते व पदर पसरून म्हणते, "मास्तर, लेकरूं आहे तें. खरें बोललें आहे. त्याला सोडवा." आणि दुपारीं मेलेल्या माणसाची बायको येते. ती रडत नाहीं. ती एवढेंच विचारते, "त्यानें कबूल केलें म्हणून माझ्या घरचा माणूस परत येणार आहे काय?"

ह्या दोघी बायांपैकीं एकीचेंही बोलणें आम्हांस खोटें म्हणतां येत नाहीं. मुलगा खरोखर लहान आहे, आणि तो खरें बोलला आहे. पण मेलेला माणूस मेलेलाच आहे. अशा वेळीं उपदेशकानें काय बोलावें, मंडळीच्या वडिलांनीं काय सांगावें, आणि न्याय करणाऱ्यानें काय करावें? ह्या पाठांत आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहों: ज्या अल्पवयी अपराध्यानें मोठा गुन्हा कबूल केला, त्याची शिक्षा कमी व्हावी काय?

उत्तर देण्यापूर्वीं वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत धरावी. ह्या एका प्रश्नांत दोन प्रश्न गुंतलेले आहेत. एक वयाचा, दुसरा कबुलीचा. लोक बहुधा ते एकत्र करून बोलतात, आणि म्हणून चुकतात. आम्ही ते निरनिराळे घेतों.

१. वयाचा विचार

लहान मुलाचें कृत्य आणि प्रौढ मनुष्याचें कृत्य एकाच मापानें मोजूं नये, हें कायद्यानें फार पूर्वींच मान्य केलें आहे. १८६० च्या दंडसंहितेंत सात वर्षांखालील मुलाचें कोणतेंही कृत्य गुन्हा होत नाहीं असें ठरलें होतें. आणि सात ते बारा वर्षांच्या मुलास आपण काय करितों व त्याचा परिणाम काय होईल हें समजण्याइतकी पोक्त बुद्धि आली नसेल, तर त्याचेंही कृत्य गुन्हा मानूं नये असा नियम होता. ती संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी हा नियम तसाच राहिला आहे. १८७६ सालीं सुधारशाळांचा कायदा झाला, आणि मुंबई इलाख्यांत १९२४ सालीं मुलांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. ह्या सर्वांचा हेतु हा कीं, मुलास मोठ्या कैद्यांमध्यें टाकूं नये, कारण तेथें जें शिकावयास मिळतें तें त्यास आणखी बिघडवितें.

आज आपल्या देशांत २०१५ चा बालन्याय कायदा चालतो. अठरा वर्षांखालील मुलगा किंवा मुलगी बालन्याय मंडळापुढें न्यावी लागते. साधारणपणें मंडळास अशा मुलास अधिकांत अधिक तीन वर्षें विशेष गृहांत ठेवितां येतें. परंतु मुलाचें वय सोळा ते अठरा असेल, आणि ज्या गुन्ह्यास कमींत कमी सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे असा तो गुन्हा असेल, तर मंडळ आधीं चौकशी करितें: हें कृत्य करण्याची त्याची शारीरिक व मानसिक शक्ति होती काय, परिणाम त्यास कळत होता काय, आणि कोणत्या परिस्थितींत तें घडलें? त्यानंतर त्याचा खटला प्रौढाप्रमाणें चालविण्यासाठीं बालन्यायालयाकडे जाऊं शकतो. तरीही अशा मुलास फांशी देतां येत नाहीं, आणि सुटकेची आशाच नाहीं अशी जन्मठेपही देतां येत नाहीं. एकवीस वर्षें पुरीं होईपर्यंत त्यास सुरक्षित स्थळीं ठेवावें, मोठ्यांच्या तुरुंगांत नव्हे, असें कायदा सांगतो.

हा कायदा कां झाला हेंही वाचकांस ठाऊक असावें. १६ डिसेंबर २०१२ रोजीं दिल्लींत एका तरुणीवर जो घोर अत्याचार झाला व ज्यांत ती मरण पावली, त्यांतील एका अपराध्यास अठरा वर्षें पुरीं होण्यास थोडे महिने उरले होते. त्यास ऑगस्ट २०१३ मध्यें तीन वर्षांची शिक्षा झाली व डिसेंबर २०१५ मध्यें तो सुटला. लोकांचा क्षोभ झाला, आणि त्याच महिन्यांत राज्यसभेनें नवा कायदा संमत केला. तो क्षोभ आम्ही समजूं शकतों. तीन वर्षें आणि एक जीव, हीं दोन पारड्यांत घालून पाहतां कोणाचेंही मन अस्वस्थ होईल.

मग वय पाहून शिक्षा कमी कां करावी? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १ मार्च २००५ रोजीं दिलेल्या निकालांत याचीं तीन कारणें सांगितलीं आहेत. मुलाची समज पिकलेली नसते, म्हणून तो पुढचा विचार न करितां कृत्य करितो. तो सोबत्यांच्या व वाईट परिस्थितीच्या दडपणास लवकर बळी पडतो, व त्यांतून निघून जाणें त्याच्या हातीं नसतें. आणि त्याचा स्वभाव अजून घट्ट झालेला नसतो, म्हणून आज तो जसा आहे तसाच तो जन्मभर राहील असें कोणासही म्हणतां येत नाहीं. शेतकऱ्यास हें नव्यानें शिकावयास नको. कोंवळी फांदी वांकडी गेली असतां तिला आधार देऊन सरळ करितां येतें. जुन्या खोडास तें करितां येत नाहीं.

ह्या खटल्यांत एक गोष्ट विशेष पाहण्यासारखी आहे. अपराधी मुलगा सतरा वर्षांचा होता. १९९३ सालीं त्यानें मिसूरी प्रांतांत एका स्त्रीचा खून केला, आणि पोलिसांनीं विचारतांच दोन तासांच्या आंत गुन्हा कबूल केला. त्या कबुलीमुळें त्याची शिक्षा कमी झाली काय? नाहीं. तीच कबुली त्यास फांशीच्या शिक्षेपर्यंत नेण्याचें साधन झाली. बारा वर्षांनंतर जें त्यास वांचविलें तें त्याच्या वयानें, त्याच्या जिभेनें नव्हे.

२. कबुलीचा विचार

आतां कबुलीकडे वळूं. कबुलीचें मोल खरोखर आहे काय? आम्ही म्हणतों, आहे. जो मुलगा आपण होऊन खरें सांगतो तो मेलेल्याच्या घरच्यांस वर्षानुवर्षांच्या अंधारांतून सोडवितो. काय झालें, कसें झालें, शेवटचे शब्द काय होते, हें जाणण्याचा त्यांचा हक्क आहे. साक्षीदारांस, विशेषतः घाबरलेल्या बायकामुलांस, कोर्टांत उभें राहून तें सर्व पुन्हां सांगावें लागत नाहीं. ज्या निरपराध्यावर संशय आला असेल तो सुटतो. आणि अपराध्याच्या स्वतःच्या मनाचीही सुधारणा येथूनच सुरू होते, कारण रोग लपविणाऱ्यास औषध लागूं पडत नाहीं.

ह्यासाठीं कांहीं देशांत कबुलीस सूट देण्याचा उघड नियम आहे. इंग्लंडांत आरोपीनें अगदीं पहिल्या संधीसच गुन्हा मान्य केला तर शिक्षेचा तिसरा हिस्सा कमी होऊं शकतो. उशीर होईल तसतशी सूट घटत जाते. पण खुनाच्या बाबतींत तेथेंही हात आंखडता घेतात. तेथें सूट सहाव्या हिश्श्याहून व पांच वर्षांहून अधिक देत नाहींत. म्हणजे कबुलीचें मोल मानावें, पण जीव घेतल्याचें वजन तिनें पुसून टाकूं नये, असा तो विचार आहे.

परंतु सर्व कबुल्या सारख्या नसतात. एक भीतीची कबुली असते: मार चुकावा म्हणून मुलगा 'हो' म्हणतो. दुसरी हिशेबाची कबुली असते: पकडलों गेलोंच आहों, तर कबूल करून कांहीं पदरांत पाडून घ्यावें. तिसरी पश्चात्तापाची कबुली असते. तिची खूण ही कीं, ती पूर्ण असते, दुसऱ्यावर दोष ढकलीत नाहीं, आणि तिच्यामागून कांहीं कृति येते. लपविलेलें हत्यार दाखविलें जातें, चोरलेलें परत दिलें जातें, आणि शिक्षा भोगण्यास मन तयार होतें. तोंडाचे शब्द तिन्हींत एकच असतात. म्हणून केवळ शब्द ऐकून सूट देणारा न्यायाधीश फसतो.

३. कबुलींतील धोका

येथें आम्हांस वाचकांचें लक्ष एका मोठ्या धोक्याकडे ओढावयाचें आहे, कारण खेड्यांत तो फार घडतो. मुलें खोटी कबुलीही देतात.

१९८९ सालीं न्यूयॉर्क शहरांतील एका बागेंत एका स्त्रीवर भयंकर हल्ला झाला. पोलिसांनीं चौदा ते सोळा वर्षांचे पांच मुलगे धरले व तासन् तास त्यांची चौकशी केली. त्यांतील चौघांनीं चित्रफितीवर कबुलीजबाब दिले. त्यांचे जबाब एकमेकांशीं जुळत नव्हते, तरी १९९० सालीं पांचांनाही दोषी ठरविण्यांत आलें. २००२ सालीं दुसऱ्याच एका कैद्यानें सांगितलें कीं, तें कृत्य मीं एकट्यानें केलें. आणि शास्त्रीय तपासणींत त्याचें म्हणणें खरें ठरलें. पांचही मुलगे निर्दोष होते. त्यांतील सर्वांत मोठ्यानें सुमारें १३ वर्षें तुरुंगांत काढलीं होतीं. बोललों म्हणजे घरीं जाऊं, असें आपणांस वाटलें होतें, असें त्यांनीं पुढें सांगितलें.

लेकरांचा स्वभावच असा आहे. मोठें माणूस दरडावून विचारूं लागलें कीं, मूल त्याला जें ऐकावयाचें आहे तें बोलतें. आजच्या संध्याकाळची सुटका त्यास दिसते. उद्यांचा तुरुंग त्यास दिसत नाहीं.

आपल्या देशाच्या कायद्यानें हा धोका ओळखिला आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणें पोलिसापाशीं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करितां येत नसे, आणि धमकी देऊन, लालूच दाखवून वा वचन देऊन काढलेली कबुली निरुपयोगी ठरत असे. २०२४ पासून त्या जागीं नवा कायदा आला, त्यांतही हेंच तत्त्व आहे. मॅजिस्ट्रेटसमोर कबुली द्यावयाची असेल तर त्यानें आधीं सांगावें लागतें कीं, 'तुजवर बोलण्याची सक्ती नाहीं, आणि बोललास तर तें तुजविरुद्ध वापरलें जाईल.' शिवाय कबुलीच्या बदल्यांत शिक्षा कमी करून घेण्याची जी तडजोड २००६ पासून आपल्या कोर्टांत होऊं लागली, तिच्यांतून अठरा वर्षांखालील मुलांस मुद्दाम वगळिलें आहे. वाचकांनीं ह्या गोष्टीवर विचार करावा. कायद्यानें मुलावर दया करावयाची नाहीं म्हणून नव्हे, तर मुलानें दयेच्या लोभानें आपला हक्क विकूं नये म्हणून त्यास वगळिलें आहे.

आणखी एक अन्याय येथें लपलेला आहे. 'कबूल करील त्यास कमी' असा सरसकट नियम केला, तर 'कबूल न करील त्यास अधिक' असाच त्याचा अर्थ होतो. मग जो मुलगा खरोखर निरपराधी आहे व म्हणून कबूल करीत नाहीं, त्यालाच सर्वांत कठोर शिक्षा होईल.

४. पुण्याचा एक खटला

ह्या सर्वांचा दाखला आमच्याच प्रांतांत घडला आहे. ऑगस्ट १९९४ मध्यें पुण्यांत एका घरांत शिरून सात जणांचे खून करण्यांत आले. मेलेल्यांत पांच स्त्रिया होत्या, त्यांतील एक गर्भवती होती; आणि दोन लहान मुलें होतीं. अपराधांत तिघे होते. त्यांपैकीं एकानें सर्व हकीगत सांगितली, तो माफीचा साक्षीदार झाला व त्यास माफी मिळाली. बाकीच्या दोघांस १९९८ सालीं फांशीची शिक्षा झाली, आणि २००० सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. त्या दोघांपैकीं एकाची फांशी पुढें २०१६ सालीं राष्ट्रपतींनीं जन्मठेपेंत बदलली.

दुसऱ्याचें वय खटल्याच्या कागदांत वीस-बावीस असें लिहिलें गेलें होतें. पुष्कळ वर्षांनीं राजस्थानांतील त्याच्या गांवच्या शाळेचा दाखला पुढें आला. चौकशी झाली. मार्च २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, गुन्ह्याच्या वेळीं तो अवघा बारा वर्षें सहा महिन्यांचा होता. कायद्याप्रमाणें त्यास अधिकांत अधिक तीन वर्षें ठेवितां आलें असतें. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगांत होता, आणि त्यांतील बहुतेक वर्षें गळ्यावर फांशीची टांगती दोरी घेऊन होता. न्यायालयानें त्यास सोडून दिलें.

येथें काय झालें तें पाहा. जो बोलला तो सुटला. आणि ज्याचें वय बारा होतें तो फांशीच्या कोठडींत गेला. माफीच्या साक्षीदारास माफी मिळते ती त्याच्या पश्चात्तापाबद्दल नव्हे, तर त्याच्या साक्षीच्या उपयोगाबद्दल, कारण दुसऱ्यांविरुद्ध पुरावा मिळणें कठीण असतें. अशी व्यवस्था कायद्यास कधीं कधीं करावी लागते, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण जिभेचें माप घेतलें गेलें आणि वयाचें माप घ्यावयाचें राहून गेलें, तर न्यायाचा तराजू किती वांकडा होतो, हें ह्या खटल्यावरून दिसतें. आणि त्या सात जणांस विसरूनही हा खटला वाचूं नये. मुलास सोडणें न्याय्य होतें. म्हणून तीं प्रेतें हलकीं झालीं नाहींत.

५. शास्त्रांतील तीन मनुष्यें

कबुली म्हणजे शिक्षेंतून सुटका, असें आपल्या मंडळ्यांत पुष्कळांस वाटतें. शास्त्र तसें शिकवीत नाहीं. आखानानें यहोशवापुढें सर्व कबूल केलें, चोरलेलें कोठें पुरलें तेंही सांगितलें. तरी तो शिक्षेंतून सुटला नाहीं. दावीद राजानें नाथानापुढें आपलें पाप मान्य केलें व त्याचें पाप दूर झालें. तरी त्याच्या कृत्याचें फळ त्याच्या घरांत पिकतच राहिलें. आणि वधस्तंभावरील चोरानें स्वतःच म्हटलें कीं आपली शिक्षा योग्य आहे. त्यास सुखलोकाचें वचन मिळालें, पण कोणीं त्यास वधस्तंभावरून खालीं उतरविलें नाहीं.

ह्यावरून क्षमा एक आणि शिक्षेची सूट दुसरी, हें उघड होतें. पापाची क्षमा देवापाशीं आहे. मेलेल्याच्या वतीनें शिक्षा माफ करण्याचा अधिकार उपदेशकापाशीं नाहीं. हें ज्यास कळलें तो मुलास खोटी आशा लावणार नाहीं, आणि विधवेस 'आतां विसरून जा' असेंही सांगणार नाहीं.

६. मग निर्णय काय?

आमचें मत आम्ही थोडक्यांत सांगतों. पहिलें, वय लहान असेल तर शिक्षा सौम्य व सुधारणेची असावी, मग त्यानें कबूल केलें असो वा नसो. ही सूट तो कमावीत नाहीं. ती त्याच्या वयाची आहे. दुसरें, कबुलीमुळें आणखी कांहीं सौम्यता द्यावयाची तर ती कबुली मोकळ्या मनाची, खरी, पूर्ण आणि कृतीनें सिद्ध झालेली असावी. आणि ती सूट मर्यादित असावी. तिसरें, जो गप्प राहिला त्याची शिक्षा गप्प राहिल्याबद्दल वाढवूं नये. चवथें, ज्यांचें माणूस गेलें त्यांचें म्हणणें ऐकल्यावांचून दयेचा शब्द काढूं नये, कारण दुसऱ्याच्या नुकसानीवर केलेली दया फार स्वस्त पडते.

कोणी म्हणेल, अशानें मुलें निर्ढावतील. आम्ही उत्तर देतों कीं, सौम्य शिक्षा म्हणजे शिक्षा नाहीं असें नव्हे. घरापासून दूर राहणें, कामधंदा शिकणें आणि आपण काय केलें त्याकडे रोज पाहणें, हें सोळा वर्षांच्या मुलास हलकें नाहीं. आणि कोणी म्हणेल, मग कबुलीस फळच काय राहिलें? फळ हें कीं, तो मुलगा खोटेपणाचें ओझें घेऊन प्रौढ होणार नाहीं.

७. उपदेशकानें काय करावें?

ओट्यावर बसलेल्या त्या मुलाकडे आम्ही परत येतों. उपदेशकानें त्यास मारूं नये, दरडावूं नये, आणि 'सांग म्हणजे सोडवितों' असें वचन मुळींच देऊं नये. त्याचें ऐकून घ्यावें, पण आपणच चौकशी करीत बसूं नये. त्याच्या आईबापांस बोलावून घ्यावें. खुनासारखा गुन्हा गांवच्या पंचांत मिटवूं नये. आणि लहान मुलावरील अत्याचार कळला असतां तो पोलिसांस न कळविणें हा २०१२ च्या कायद्याप्रमाणें स्वतःच गुन्हा आहे.

मुलास पोलिसांकडे नेतांना आईबापांबरोबर जावें. त्याच्या वयाचा पुरावा त्याच दिवशीं काढून ठेवावा: आधीं शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्माचा दाखला. हाडांची तपासणी दोन्ही नसतील तेव्हांच होते. पुण्याच्या खटल्यांत एका दाखल्यावांचून अठ्ठावीस वर्षें गेलीं, हें स्मरावें. मुलास पोलीस कोठडींत वा तुरुंगांत ठेवितां येत नाहीं, आणि चोवीस तासांच्या आंत त्यास मंडळापुढें न्यावें लागतें. त्यास फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे. तो जिल्ह्याच्या विधिसेवा प्राधिकरणाकडे मागावा. त्याचें नांव चारचौघांत वा प्रार्थनेंतही घेऊं नये, कारण तें प्रसिद्ध करणें कायद्यानें मना आहे.

आणि हें सर्व झाल्यावर संध्याकाळीं मेलेल्याच्या घरीं जावें. तेथें उपदेश करूं नये. जमिनीवर बसावें, आणि ती बाई जें बोलेल तें ऐकावें.

विचार करण्यासाठीं प्रश्न

१. वयामुळें मिळणारी सूट आणि कबुलीमुळें मिळणारी सूट यांत भेद काय?
२. भीतीची, हिशेबाची आणि पश्चात्तापाची कबुली कोणत्या खुणांनीं ओळखावी?
३. 'सांग म्हणजे सोडवितों' असें म्हटल्यानें मुलाचें व सत्याचें कोणतें नुकसान होतें?
४. आपल्या मंडळींतील किती मुलांचे जन्माचे दाखले घरांत आहेत? ह्या आठवड्यांत मोजून पाहा.
५. अपराध्याच्या आईस आणि मेलेल्याच्या बायकोस, दोघींसही खरें ठरेल असें एक वाक्य सांगावयाचें झाल्यास तुम्ही कोणतें सांगाल?